समुद्र आंबल्याची बातमी

आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर, भिंतीला टेकून, एक काळा दगड आहे. बिल्डिंगचा पाया खणताना तो निघाला, कुणाला उचलवेना, म्हणून तिथेच राहिला. दिसायला ओबडधोबड, पण वरून सपाट आणि बसायला झकास. गेली अठ्ठावीस वर्षं दर बुधवारी आणि रविवारी सकाळी त्याच्यावर आमची कोळीण बसते. समोर पाटी, बाजूला कोयता, कमरेला खोचलेला मोबाइल. ती गोराईहून येते, लाँचने खाडी ओलांडून आणि पुढे बोरीवलीपर्यंत रिक्षाने. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाय म्हणते. आम्ही दोघी एकाच वयाच्या आहोत हे दोघींनाही ठाऊक आहे, पण सुधारणा करायचं कुणी मनावर घेतलेलं नाही.

ह्या बाईचा धंदा मी एका शब्दाने बुडवला. तेही समाजाचं भलं करायला गेले असताना.

मी ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि मागच्या वर्षी रिटायर झाले. रिटायर झालेल्या शिक्षकाला ऐकणारं कुणी मिळालं नाही की तो घरातल्यांना शिकवायला लागतो. महिनाभर मी नवऱ्याला विरजण कसं लागतं ते समजावत होते. त्यानंतर तो गुपचूप विकतचं दही आणायला लागला. त्यामुळे महिला मंडळाच्या अध्यक्षबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्या वेळी वाणाबरोबर थोडं प्रबोधन पण करूया ना, तुम्ही पंधरा मिनिटं बोला कशावर तरी," तेव्हा मी इतक्या पटकन हो म्हटलं की त्या जरा बिचकल्याच.

विषय माझ्याकडे तयार होता. घरी बसल्यापासून मी जुन्या समुद्रांबद्दल वाचत होते. जुने म्हणजे माणूस, मासळी बाजार आणि सोसायटीची कमिटी यातलं काहीच नव्हतं तेव्हाचे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर ज्वालामुखी उसळले आणि हजारो वर्षं उसळत राहिले. त्यांचा वायू हवेत गेला, हवेतून समुद्रात उतरला. पाणी तापलं, पाण्यातला प्राणवायू कमी झाला, आणि वायू विरघळल्यामुळे पाण्याची रसायनंच बदलली. कवच बनवायला जो चुना लागतो तो मिळेना. शिंपले, प्रवाळ, दिसायला कोलंबी-झुरळाच्या मधले असे कितीतरी जीव, समुद्रातल्या बहुतेक जाती, सगळे गेले. आमचं घर मूळचं मालवणचं. वडील परळच्या गिरणीत होते तेव्हासुद्धा रविवारी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शिजल्याशिवाय आमच्याकडे रविवार उजाडत नसे. शिंपले आमच्याकडे नात्यातलेच, फक्त भेट ताटात व्हायची. त्यांच्या खानदानावर असा प्रसंग येऊन गेला हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

अध्यक्षबाईंना नोटीस बोर्डासाठी शीर्षक हवं होतं. 'समुद्राचे आम्लीकरण व प्राचीन सागरी जीवांचा विनाश' हे बरोबर शीर्षक होतं. पण तीस वर्षं पाठ्यपुस्तकातल्या जड मराठीच्या नावाने बोटं मोडलेली बाई मी. आम्लीकरण म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं डोकी टेकायची. तेव्हा मी ऐटीत लिहून दिलं, 'समुद्र का आंबला?' सोपं, चटपटीत, घरगुती. त्या रात्री मला माझ्या मराठीचा फार अभिमान वाटला.

आंबणं हा शब्द आपल्या घरांत किती कामं करतो याचा मी विचारच केला नाही. इडलीचं पीठ आंबतं तेव्हा आपण खूश होतो. कालचं वरण आंबतं तेव्हा नाक मुरडून ते मोरीत ओततो. मी पिठाच्या बाजूने बोलत होते, आणि ऐकणाऱ्या सगळ्या वरणाच्या बाजूने ऐकत होत्या.

व्याख्यान मात्र रंगलं. मी दोन काचेचे ग्लास नेले होते. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात व्हिनेगर. "समजा, हा आपला समुद्र," असं म्हणून मी व्हिनेगरमध्ये तिसऱ्यांची दोन रिकामी कवचं टाकली. कवचांवर बुडबुडे धरले आणि सरसर वर यायला लागले. पहिल्या रांगेतून "अय्या, सोडा!" असं कुणीतरी ओरडलं. मी हात वर करून म्हटलं, "सोडा नाही, शिंपल्याचं घर विरघळतंय." हॉल एकदम गप्प झाला. वर्गात इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. तिळगूळ चघळणाऱ्या चाळीस बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि तो क्षण मला सोडवेना.

खरं तर तिथेच एक वाक्य बोलायला हवं होतं. आजचा समुद्र व्हिनेगर नाही, आंबट तर मुळीच नाही. आपण जाळलेल्या कोळशा-पेट्रोलचा धूर पिऊन तो आंबटाच्या दिशेने हळूहळू सरकतोय, आणि त्याने मासा काही खराब होत नाही. हे वाक्य माझ्या कागदावर होतं. मी ते गाळलं. बुडबुड्यांनंतर ते फार मिळमिळीत वाटत होतं.

एका सुनेने विचारलं, "मॅडम, मग तिसऱ्यांच्या कालवणात कोकम घालायचं की नाही?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि घरी जाऊन झक्कपैकी झोपले.

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर मजकूर फिरत होता. 'महत्त्वाचे! कालच्या व्याख्यानानुसार समुद्र आंबला आहे. काही दिवस मासे टाळावेत. शिंपले तर अजिबात नको. माहिती आपल्याच बिल्डिंगमधील तज्ज्ञ प्राध्यापिकांची आहे.' खाली हात जोडलेली बारा चित्रं आणि एक रडका चेहरा. मी लगेच लिहिलं की असं नाही, मासे खा, खुशाल खा. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, 'मॅडम किती मोठ्या मनाच्या आहेत, लोकांनी घाबरू नये म्हणून आता असं म्हणतायत.' दुपारपर्यंत तो मजकूर शेजारच्या चार सोसायट्यांमध्ये जाऊन परत माझ्याच जावेकडून मला आला. तिने खाली लिहिलं होतं, 'वाचलंस का गं? तुझा विषय आहे ना हा?'

रविवारी मी पिशवी घेऊन खाली गेले. मावशी दगडावर बसली होती आणि पाटीवर घोंगावणाऱ्या माश्यांशिवाय कुणी नव्हतं. मांदेली, कोलंबी, बोंबील, तिसऱ्यांचे वाटे, सगळं जसंच्या तसं. एरवी नऊच्या आत रिकामी होणारी पाटी. मी नेहमीपेक्षा दुप्पट घेतलं आणि तोंड लपवून वर आले. बुधवारी पुन्हा तेच. तीन दिवस आम्ही बोंबील खात होतो. नवरा म्हणाला, "तुझ्या व्याख्यानामुळे सगळ्या बिल्डिंगने मासे सोडले, आणि आपण एकटे समुद्र संपवतोय."

मला लाज वाटत होती, पण खरी वाट लागली ती पुढच्या आठवड्यात. आमचे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, मूळचे रत्नागिरीकडचे, आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितल्यापासून कट्टर शाकाहारी. माणूस वाईट नाही, पण स्वतःचं सुटलेलं दुसऱ्याचंही सुटावं असं त्यांना मनापासून वाटतं. शिवाय पाटीचं पाणी त्यांच्या नव्या गाडीच्या चाकाखाली जायचं. कैक वर्षं त्यांना कारण हवं होतं, ते मी वाणासारखं हातात ठेवलं. बोर्डावर नोटीस लागली: 'रहिवाशांच्या आरोग्याच्या दृष्टीने व तज्ज्ञांच्या मतानुसार गेटाजवळ मासेविक्रीस मनाई. अंतिम निर्णय येत्या सभेत.' आणि त्याच दुपारी दोन माणसं लावून त्यांनी तो दगड पहारीने ढकलत नेला आणि पाण्याच्या पंपामागे टाकला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जो कुणाला उचलवला नव्हता, तो तासाभरात हलला.

बुधवारी बेल वाजली. दारात मावशी, कमरेवर पाटी. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच वर आली होती.

"काय गो बाय," ती म्हणाली, "माजा समुद्र आंबला असा तू सांगितलास?"

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही, दाराच्या पायरीवरच बसली, म्हणून मीही उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसले. आणि मग मी शिकवायला लागले. वायू, पाणी, चुना, पंचवीस कोटी वर्षं. तिने सगळं ऐकून घेतलं. हळदीकुंकवाच्या हॉलपेक्षा नीट ऐकलं.

"मंग ह्याच्यात खोटा काय हाय?" ती म्हणाली. "आंबलाच हाय तो. दिसभर काम करून आपला अंग आंबतो, तसा. वरसभर त्याला ओरबाडतात, गटार सोडतात, गाळ टाकतात. शिवल्या काढायला आदी गुडघाभर पान्यात जायची, आता कमरेइतक्या चिखलात जाते. दमला हाय तो."

तिसऱ्यांना ती शिवल्या म्हणते. अंग आंबणं! पीठ आणि वरण यांच्यात अडकून हा तिसरा अर्थ मला सुचलाच नव्हता. पुढच्या क्षणी मास्तरकी जागी झाली आणि मी म्हणाले, "मावशी, शिवल्या कमी झाल्या त्याला गाळ आणि गटार कारण असेल. रसायनाचं मी छातीठोक नाही सांगू शकत."

"तू नको सांगू. मना ठाऊक हाय." मग तिचा आवाज चढला. "पन दमलेल्या मानसाच्या हातचा जेवन कोन टाकतो काय गो? तुजी लोका टाकतात! आनि माजा दगड कुठं हाय?"

"पंपामागे," मी म्हणाले.

"आन तो," ती म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली.

सभा रविवारी होती. नऊ विषयांच्या यादीत आमचा विषय आठवा होता, टाकीच्या गळतीनंतर आणि कबुतरांच्या जाळीच्या आधी. मी तयारीने गेले. कॉलेजातून निघताना पीएच पेपरची एक वही माझ्या पर्समध्ये चुकून आली होती. चुकून म्हणजे मी आणली होती. मी फोन करून सांगितल्यावर मावशीने गोराईच्या किनाऱ्यावरचं पाणी बाटलीत भरून पाठवलं होतं. स्वतः ती गेटाबाहेर उभी होती, कारण ती सभासद नव्हती आणि बसायला दगड नव्हता.

सेक्रेटरींनी विषय वाचला आणि म्हणाले, "यात चर्चेसारखं काही नाही. मॅडमनीच सांगितलंय, समुद्र आंबट झालाय."

मी उठले. "मॅडमनी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले, "टाळ्या मिळाव्यात म्हणून." तीस वर्षं मुलांच्या चुकांना लाल शाईने गोल केल्यावर एकदा स्वतःच्या चुकीभोवती गोल काढायला काय हरकत आहे. मग मी बाटली उघडली आणि कागदाची पट्टी त्यात बुडवली. पट्टी हिरवट निळी झाली. "आंबट असतं तर लाल-केशरी झाली असती," मी म्हटलं. "हे तुमच्या समोर गोराईचं पाणी आहे. आंबट नाही."

"पण मग आंबट कसं दिसतं?" मागून कुणीतरी विचारलं.

सेक्रेटरींच्या समोर सभेचं लिंबू सरबत होतं. मी परवानगी न घेता दुसरी पट्टी त्यांच्या ग्लासात बुडवली. ती लालबुंद झाली. मी ती उंच धरून सगळ्या हॉलला दाखवली. संपूर्ण सभागृहात सगळ्यात आंबट वस्तू सेक्रेटरींच्या पुढ्यात निघाली, आणि लोक इतके हसले की इतिवृत्त लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं. सेक्रेटरीही हसले. मग त्यांनी ते सरबत प्यायलं मात्र नाही.

"म्हणजे मासे खायचे ना? एवढंच सांगा," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले.

"खायचे. पण एवढंच नाही सांगणार." हसणारे लोक ऐकून घेतात, हे मला वर्गाने शिकवलंय. म्हणून तेव्हाच मी ते गाळलेलं वाक्य बोलले. समुद्र आंबट नाही, पण त्या दिशेने सरकतोय, आणि ते आपल्या धुराने. मासा आज ताजा आहे. घोर लागायचा तो समुद्राचा. दोन चार चेहऱ्यांवरचं हसू उतरलं. बाकीच्यांना भूक लागली होती.

"राहिला दगड," मी म्हणाले. "तो सोसायटीचा आहे, कमिटी तो हलवू शकते. पण तो कोण आहे हे माहीत असू द्या. हा दख्खनचा काळा दगड. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, त्याच्या घराण्यातला. डायनासोर त्याच सुमाराला गेले. समुद्रही तेव्हा पुन्हा आंबटाकडे झुकला, आणि आपल्या म्हाकुलांचे, म्हणजे स्क्विडचे, शंखवाले चुलते होते, ते कायमचे संपले. मुख्य आरोपी आकाशातून पडलेली उल्का. पण आपला लाव्हा सहआरोपी आहे, आणि शास्त्रज्ञांत तो खटला अजून चालू आहे. आता अशा दगडाला पंपामागे एकटं ठेवायचं, की गेटावर एका बाईच्या नजरेखाली ठेवायचं, याचा ठराव करा."

ठराव झाला. मतं मोजायची वेळच आली नाही, कारण आधी दोन आठवडे भाजी खाल्लेले सगळे हात एकदम वर गेले. मावशीने गाडीपासून चार पावलं दूर बसावं आणि जाताना पाणी मारावं, एवढं सेक्रेटरींनी घालून घेतलं. ते रास्तच होतं.

बुधवारी दगड जागेवर होता, चार पावलं सरकून, आणि मावशी त्याच्यावर. नऊच्या आत पाटी जवळजवळ रिकामी झाली. मला तिने शेवटच्या तिसऱ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "बाय, एक इचारू? तू सांगितलास ना, मागं पन आंबला व्हता. त्या टायमाला परत धड व्हायला किती दिस लागले?"

मला फार आनंद झाला. संबंध व्याख्यानात, संबंध सभेत, हा प्रश्न एकाने विचारला नव्हता. मी उत्साहाने सांगितलं, "पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्या खेपेला ना? खूप लागले. पन्नास लाख वर्षं म्हणा, कुठे कुठे कोटभरसुद्धा. पण झाला बरं का मावशी. नवे शिंपले आले, नवे मासे आले. समुद्र परत भरला."

"भरला ना? बरा झाला," ती म्हणाली. तिने पिशवीला गाठ मारली, ओला हात दगडावर पुसला आणि माझ्याकडे वर बघितलं.

"मंग तवर मी कुठं बसू?"

ही नेहमीसारखी माझी फिरकी घेतेय असं वाटून मी हसायला लागले. ती हसत नव्हती. तीस वर्षांत वर्गातला एकही प्रश्न मी उत्तराशिवाय सोडला नव्हता. मी पिशवी खाली ठेवली.

"सरक जरा," मी म्हणाले, आणि ती सरकली तेवढ्या जागेत तिच्या शेजारी बसले.